नडगीवरचा अंगठा

खेळाच्या बाईंना काय कळतं, असं आमच्या शिक्षकखोलीत उघडपणे कोणी म्हणत नाही. फक्त दहावीला गणिताचा जादा तास हवा असला की तो माझ्याकडून घेतला जातो, आणि पाऊस असला की 'मोघे बाई, मुलींना वर्गातच काहीतरी बैठं खेळवा' अशी चिठ्ठी येते. सदाशिव पेठेतल्या या मुलींच्या शाळेत मी बावीस वर्षं शिट्टी फुंकली. पालकांचंही मत फारसं वेगळं नसायचं. 'पळायला काय शिकवायचं असतं?' असं एका वडिलांनी मला तोंडावर विचारलं होतं. मी म्हटलं, 'काही नाही. आपण सणस मैदानाला दोन फेऱ्या मारून या, मी इथेच उभी आहे.' ते पुन्हा पालकसभेला आले नाहीत.

पण कळतं हो. पुष्कळ कळतं. आठवड्याचं पळणं एका वेळी दहाव्या हिश्श्याहून जास्त वाढवायचं नाही, हे कळतं. पर्वतीच्या पायऱ्या पळत चढायच्या पण उतरायच्या मात्र चालत, कारण पायाची वाट लागते ती उतरताना. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची, आणि रोजच्यापेक्षा दहा ठोके जास्त भरले तर त्या दिवशी पळायचं नाही, मैदानावर येऊन दुसऱ्यांना टाळ्या वाजवायच्या. तेरा-चौदाव्या वर्षी मुलगी एकदम ताडमाड वाढते तेव्हा हाड आधी लांबतं, अंगातलं बळ मागून येतं. त्या वर्षी तिचं पळणं वाढवायचं नाही, उलट कमी करायचं. त्यासाठी सामानाच्या खोलीच्या दारावर मी दर तीन महिन्यांनी प्रत्येकीची उंची पेन्सिलीने मांडून ठेवायचे. मुलींना वाटायचं बाईंना हौस आहे.

आणि नडगीचं दुखणं. ते तर पळणाऱ्या प्रत्येक मुलीला कधी ना कधी होतं. त्याची परीक्षा मी सगळ्यांना मैदानावर गोल बसवून शिकवलेली होती. 'कुठे दुखतं?' असं विचारल्यावर मुलीने अख्खा पंजा नडगीवरून फिरवला तर दुखणं मांसात आहे, बर्फ लावा, दोन दिवस हळू पळा, जाईल. पण तिने एक बोट एकाच जागी टेकवलं, तर दुखणं हाडात आहे. हाडाला बारीक भेग पडलेली असते. सहा आठवडे पळणं बंद, रडा नाहीतर पडा. आणि मुलीच्या सांगण्यावरच थांबायचं नाही, हे मला शिकवणाऱ्या आमच्या गुरूंनी बजावलं होतं. आपण आपला अंगठा हाडाच्या कडेवरून दाबत खाली खाली न्यायचा. भेग असेल तिथे मुलगी दचकतेच. तोंड खोटं बोलेल, नडगी बोलत नाही.

हे सगळं मला २००१ सालच्या जानेवारीतही माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मुक्ताई आमच्याकडे सातवीत आली ती शाळेशेजारच्या बांधकामामुळे. तिथला वाडा पाडून इमारत उठत होती, आणि तिचे वडील कोंडीराम तिथे राखणदार होते. मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले, पुसदकडचे. आई नव्हती, ती दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली होती. बाप आणि लेक दोघंच पत्र्याच्या खोलीत राहायचे. वर्षाच्या सुरुवातीला मी सगळ्या मुलींना मैदानाच्या सहा फेऱ्या मारायला लावते. तिसऱ्या फेरीनंतर पेठेतल्या आमच्या सुकन्या कमरेवर हात ठेवून आईची आठवण काढायला लागतात. मुक्ताई सहावी फेरी संपवून माझ्यासमोर उभी राहिली, नाकाने शांत श्वास घेत, आणि म्हणाली, "बाई, अजून किती हायेत?"

त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात एकटीच हसत होते. तोवरच्या नोकरीत असं पाऊल मी पाहिलं नव्हतं. पळताना आवाज नाही, खांदे हलत नाहीत, मान सरळ. असल्या मुलीला शिकवायचं काही नसतं, फक्त जपायचं असतं. मी जपलं. अडीच वर्षं जपलं. पिशवीत भाजलेले शेंगदाणे आणि गूळ ठेवायचे, ते सगळ्यांसाठी असत, पण तिच्या मुठीत जरा जास्त पडत. इमारत पुरी झाल्यावर ठेकेदाराने कोंडीरामना वारज्याच्या नव्या कामावर नेलं, तरी ती बसने पहाटे साडेपाचला मैदानावर हजर. वारज्याची ती सात मजली इमारत, सगळी घरं संगणकवाल्यांनी आधीच घेऊन ठेवलेली. ते राहायला येईपर्यंत मुक्ताई आणि तिचे वडील तळमजल्यावरच्या बिनदाराच्या घरात राहत होते. ती मला कौतुकाने सांगायची, "आमच्या न्हाणीघरात पांढऱ्या फरश्या लागल्या." राखणदाराच्या लेकीला घर मिळतं ते असंच. रंग लागला की सोडायचं.

नववीच्या दिवाळीनंतर कोंडीराम स्वतः शाळेत आले. पांढरा सदरा, हातात टोपी. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, वारज्याचं काम सरत आलं. ठेकेदाराचं पुढचं काम हैद्राबादले आहे. जानेवारीच्या शेवटी ट्रक निघते. पोरीले एकटीले इथं ठेवू कुठं? मंग शाळा सुटते तिची. तिथं समदं तेलगू."

मी त्यांना राज्य स्पर्धेचं सांगितलं. जानेवारीत बालेवाडीला सोळा वर्षांखालच्या मुलींची तीन हजार मीटरची शर्यत होती. पहिल्या तिघींना सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. राहणं, जेवण, शाळा, सगळं पुण्यातच, बारावीपर्यंत. चौथीला काही नाही.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "येईन का थे तिघीत?"

"येईल," मी म्हणाले. "माझ्यावर सोडा."

"सोडली," ते म्हणाले.

इतकंच. पण 'सोडली' हा शब्द असा होता की मी त्यानंतर अडीच महिने त्याच्यावर जगले. खरं सांगायचं तर त्यात माझंही काही होतं. आमच्या अर्ध्या मैदानावर संगणक विभागाची इमारत आधीच उभी राहिली होती, आणि उरलेल्या अर्ध्यावर मुख्याध्यापिका बाईसाहेबांचा डोळा होता. 'काळ बदलला, मोघे बाई, मुलींना आता पळून कुठे जायचंय?' असं त्या मला हसत हसत म्हणायच्या. मला एक पदक हवं होतं. ते त्यांच्या टेबलावर ठेवून मला काहीच बोलायचं नव्हतं, नुसतं ठेवायचं होतं.

म्हणून मी पळणं वाढवलं. दारावरच्या पेन्सिलीच्या रेघा सांगत होत्या की पोरगी वर्षात सात सेंटिमीटर वाढली आहे, कमी कर. मी रेघा पाहिल्या आणि स्वतःला सांगितलं, ही वेगळी आहे. प्रत्येक प्रशिक्षक आयुष्यात एकदा तरी हे वाक्य म्हणतो, आणि ते म्हटलं की समजावं, आता आपल्याला काही कळेनासं झालं आहे.

शर्यतीच्या नऊ दिवस आधी, मंगळवारी, शेवटच्या दोन फेऱ्यांत तिचं उजवं पाऊल मला ऐकू आलं. जिच्या पावलाचा कधी आवाज आला नाही, तिचं पाऊल वाजत होतं. मी शिट्टी मारून तिला थांबवलं आणि कट्ट्यावर बसवलं. बाकीच्या मुली दप्तरं उचलून शाळेकडे निघाल्या होत्या.

"पाय दुखतोय?"

"थोडासा."

"दाखव कुठे."

तिने मोजा खाली केला आणि पंजा नडगीवर ठेवला. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत तो सावकाश फिरवला. "इथं सगळीकडं, बाई."

अख्खा पंजा. म्हणजे मांसाचं दुखणं. मला हायसं वाटलं. आता पुढे काय करायचं ते माझ्या हाताला पाठ होतं, आणि हात उचललाही होता. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले होते. अंगठा नडगीपासून दोन बोटांवर होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, समोरच्या कुंपणाकडे पाहत होती, आणि तिने खालचा ओठ दातांत धरला होता.

ती दचकली असती तर सहा आठवडे. सहा आठवडे म्हणजे बालेवाडी नाही. बालेवाडी नाही म्हणजे हैद्राबाद. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं, आणि मी हात मागे घेतला. तिचा मोजा मीच वर ओढून दिला.

"मांस आहे," मी म्हणाले. "घरी जाऊन बर्फ लाव. दोन दिवस नुसतं चालायचं."

"हो बाई," ती म्हणाली आणि इतकी झटकन उठली की मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी त्याची चौकशी केली नाही.

बालेवाडीला त्या दिवशी ऊन होतं पण वारा थंड. चौदा मुली होत्या. कोंडीराम रजा काढून आले होते आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर सगळ्यात वर, एकटेच, उभे होते. साडेसात फेऱ्यांची शर्यत. मुक्ताई पहिल्या चार फेऱ्या पाचवी होती, मी सांगितलं होतं तशी. पाचव्या फेरीत चौथी. सहाव्या फेरीत तिसरी झाली आणि तिसरीच राहिली. तिची मान सरळ होती, पण जबडा आवळलेला होता. मी दोरीपाशी उभी राहून ओरडत होते, "सोडू नकोस, आता सोडू नकोस!" माझाच आवाज तो. अजून माझ्या कानात आहे.

शेवटचे दोनशे मीटर राहिले तेव्हा ती दुसरीच्या खांद्याला लागली. पुढे जायला तिने उजवा पाय टाकला, आणि तो पाय खाली टेकला तसा मधूनच वाकला, जिथे पाय वाकत नसतो तिथे.

ती पडली. मागची मुलगी तिच्यावरून उडी मारून गेली. पंच ओरडत असतानाच मी आत धावले. मुक्ताई रडत नव्हती. दोन्ही हातांवर उठून ती पुढे सरकायचा प्रयत्न करत होती आणि पाय तिच्यामागून येत नव्हता. मी तिला धरलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, सोडा, तिसरी अजून गेली नाही."

तिसरी केव्हाच गेली होती.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरणाचा फोटो उजेडासमोर धरून मला दाखवला. मोडलेल्या जागेच्या कडेला एक पांढुरकी जाड रेघ होती. "ही भेग आजची नाही," त्या म्हणाल्या. "तीन-चार आठवड्यांची आहे. हाड बिचारं आपलं आपण भरून काढायचा प्रयत्न करत होतं. हिला चांगलंच दुखत असणार. कोणी तपासलं नव्हतं?"

"विचारलं होतं," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. विचारलं होतंच. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढची माहिती सांगितली. हाडाला धातूची पट्टी घालून स्क्रू बसवावे लागतील. वर्षभर पळण्याचं नाव नको. हाड जुळेल, वय लहान आहे. मी मान हलवत होते. वर्षाने पळेल, असं स्वतःला सांगत होते. वर्षाने ती कुठे असेल, हे मी स्वतःला विचारलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा कोंडीराम औषध आणायला खाली गेले होते. मुक्ताईचा पाय उशीवर ठेवलेला होता. मी आणलेली मोसंबी तिने हातात घेतली, सोलली नाही.

"बाई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"मला एकाच जागी दुखत होतं. महिन्याभरापासून. पाण्याचा पंप जळाला होता ना, तेव्हापासून. भिंतींच्या गिलाव्याला दोनदा पाणी मारावं लागतं, नाहीतर तो तडकतो. मग मी आणि बाबा बादल्या घेऊन सातव्या मजल्यापर्यंत जायचो. येताना बादल्या रिकाम्या असायच्या, तर मी पळत यायची. तुम्ही म्हटलं होतं पळत उतरायचं नाही. पण बसची वेळ व्हायची."

 मैदानावरचा एक एक मीटर माझ्या वहीत होता. पहाटे साडेपाचच्या आधी ही पोर काय करून येते, हे मी अडीच वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"तुम्ही बोट आणि पंजाचं शिकवलं होतं ना, ते मला माहीत होतं. म्हणून मी पंजा दाखवला." ती थोडं हसली, चोरी सापडलेल्या लहान मुलीसारखं. "मग तुम्ही अंगठा जवळ आणला तर मला वाटलं, आता सापडले. मी ओठ चावून धरला होता. आवाज काढणारच नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही दाबलाच नाही. मला इतकं बरं वाटलं, बाई. म्हटलं, देव पावला."

मी खिडकीकडे पाहिलं. खाली रिक्षावाले भांडत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, देव नव्हता तो, मी होते. मी तुझा चावलेला ओठ पाहिला होता. मी बघितलं आणि मोजा वर ओढला. शब्द अगदी ओठांशी आले होते, तेवढ्यात कोंडीराम आत आले.

त्यांच्या हातात औषधांची पुडी होती आणि तोंड उतरलेलं होतं. जिन्यात त्यांना डॉक्टरीणबाई भेटल्या असाव्यात. त्यांनी पुडी खाटेवर ठेवली आणि माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. फक्त समजून घ्यायचं होतं त्यांना.

"बाई, डाक्टरीण म्हणते हाड आधीच फुटलं होतं. महिनाभर. म्हणते, धावाले उतरवाचंच नव्हतं तिले. तुमाले तं समदं समजते पायाचं. तुमाले दिसलं नाई का?"

अडीच वर्षांत त्या माणसाने मला विचारलेला हा दुसरा प्रश्न. उत्तर मला येत होतं. मी तोंड उघडलं.

"मीच खोटं बोलली, बाबा," मुक्ताई म्हणाली. "बाईनं बरोबर विचारलं. मीच दुसरं दाखवलं. मले धावायचं होतं. बाईची काई चूक नाई."

कोंडीराम लेकीकडे वळले. त्यांनी हात उचलला तेव्हा मला वाटलं मारतात आता, पण तो हात त्यांनी स्वतःच्या कपाळावरून फिरवला. मग माझ्यासमोर येऊन, जुन्या माणसांच्या पद्धतीने, त्यांनी दोन्ही हात जोडले. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस. हातांना चुना लागून भेगा पडलेल्या होत्या.

"पोरीनं फसवलं तुमाले. तुमी एवढं केलं तिच्यासाठी, आन तिनं तुमच्याशी खोटेपणा केला. तिच्यापाई तुमचं नाव खराब झालं. लहान आहे, बाई. आई नाई तिले. माफ करा."

बोलायची वेळ तीच होती. तीन माणसं होती तिथे, आणि खरं एकीलाच माहीत होतं. येत्या गुरुवारी हैद्राबादचा ट्रक जाणार होता, त्यानंतर सांगायला कोणी उरणार नव्हतं, हेही मला माहीत होतं. पण ते हात माझ्यासमोर जोडलेले होते. ते हात खाली यावेत आणि त्या माणसाने मला तशाच डोळ्यांनी बघत राहावं, ज्या डोळ्यांनी त्याने 'सोडली' म्हटलं होतं, एवढंच मला त्या वेळी हवं होतं.

"असू दे," मी म्हणाले.

कोंडीरामनी हात खाली घेतले आणि डोळे पुसले. मुक्ताईने इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. "खरंच रागावला नाहीत ना, बाई?" तिने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग तिने उशीवर मान टाकली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला झोप लागली. तिला वाटलं, मी तिला माफ केलं.